बेसांव मागायच्या वेळी
मेणबत्ती विझवल्यावरच्या धुराचा वास आला की पेडण्यातल्या आमच्या घरातली ती संध्याकाळ आठवते. दुसऱ्या दिवशी बाबांच्या हृदयाचं ऑपरेशन होतं, म्हणून आईने आल्तारावर, म्हणजे घरातल्या वेदीवर, एकीऐवजी दोन मेणबत्त्या लावल्या होत्या. तेर्स, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्या दिवशी मी सांगत होतो आणि आई-बाबा उत्तर देत होते. माझ्या डाव्या हातात माळ होती, उजव्या हातात मांडीआड फोन. मी कामाला होतो त्या तुयेच्या कारखान्याच्या ग्रुपवर पाळ्यांवरून भांडण पेटलं होतं. ते वाचता वाचता मी प्रार्थना सांगायचा मध्येच थांबलो. खोलीत फक्त बाबांची धाप ऐकू येत होती. कितवा मणी ते आठवेना, म्हणून अंदाजानेच पुढच्या दहा मण्यांना सुरुवात केली. आईने डोळे वटारले, बाबा मात्र उत्तर देत राहिले. तेर्स संपला की धाकट्यांनी थोरांकडे बेसांव, म्हणजे आशीर्वाद, मागायचा ही आमच्या घरची रीत. मी तडक बाहेर जाऊन ग्रुपवर उत्तर टाइप करत बसलो. परत आलो तर बाबा तसेच खुर्चीत होते. "बेसांव मागूक येतलंस म्हणान बसलंय," ते म्हणाले. मी घाईघाईने गुडघे टेकले. त्यांचा हात डोक्यावर आला आणि माझ्या खिशातला फोन थरथरला. "बघ आधी, गरजेचा असात," बाबा म्हणाले, आणि मी खरंच बघितलं. बाबा बरे होऊन घरी आले. आता तेर्साआधी मी फोन बंद करून पावाच्या डब्यात ठेवतो. तरी बेसांव देण्याआधी त्यांची नजर अजून माझ्या खिशाकडे जाते.