अनवाणी पाय

चौसाळ्याच्या त्या मिस्त्रीचा मला राग येतो. माझ्या गाडीला क्लच नाही, गिअर आपोआप बदलतात. पण दर गिअरला ती हिसका देते, अगदी कम्फर्ट मोडवरसुद्धा. कानात अत्तराचा फाया खोचलेला हा माणूस चपला बाहेर काढून अनवाणीच गाडीत बसतो. काल गाडी बघायला तोच चालवत होता; मी शेजारी बसलो होतो, बायको मागं. त्यानं मुद्दाम जास्त हिसके देणारा स्पोर्ट मोड लावला.

"मोडमंदी काय न्हाई, सायेब. गिअर बदलायच्या टायमाला पाय जरा हलका करा."

पाटोद्याच्या फाट्यापर्यंत एकही हिसका बसला नाही. जळफळत मी मागं वळलो. माझ्या गाडीत कायम वरचं हँडल घट्ट धरून बसणारी बायको गाढ झोपली होती.