टेबलावरचा सूर

बाळांनो, नेरुळची आपली इमारत पुनर्विकासाला जाते आहे. घर रिकामं करण्याआधी या दिवाणखान्यात घडलेलं एक तुम्हांला सांगायला हवं, कारण तुमची आई ते ‘भुताटकी’ म्हणून उडवून लावते.

दर महिन्याला आमच्याकडे आम्ही चार जण जमतो: माझी गायिका मैत्रीण, जवळच्या खाडीकाठच्या सारसोळे गावातली एक चित्रकार मुलगी, ध्वनीचा अभ्यास करणारे एक निवृत्त शास्त्रज्ञ आणि मी. नियम एकच. प्रत्येकाने स्वतःला न उलगडलेलं काहीतरी आणायचं आणि चहा संपेपर्यंत त्यावर कुणी खुलासा करायचा नाही.

त्या संध्याकाळी मैत्रीण येतानाच म्हणाली, “अगं, ही शेवटची खेप. तंबोराच ऐकू येत नाही, तर गाऊ कशावर?” तिचे कान वर्षभर अधू होत चालले होते.

शास्त्रज्ञांनी मोठा स्पीकर टेबलावर ठेवून कळ दाबली. आम्हांला काहीच ऐकू आलं नाही.

“काका, म्यूटवर हाय का?” चित्रकार हसली.

“चहा प्या,” ते म्हणाले.

मैत्रिणीने मात्र दोन्ही तळवे टेबलावर टेकले, डोळे मिटले आणि सूर लावला. शास्त्रज्ञांनी फोनवर उमटणाऱ्या आवाजाच्या आलेखाकडे पाहिलं आणि ते चमकले. स्पीकरमधला सूर तोच होता, फक्त कित्येक सप्तकं खालचा, कानाला ऐकूच न येणारा. त्यांनी हळूच वायर काढली.

तिने डोळे उघडले नाहीत. “बंद नका करू हं. हातांत येतंय मला.”

वायर त्यांच्या हातात लोंबत होती. तरीही बशांमधले कप किणकिणत होते.

“जहाज असेल,” मी पुटपुटले. चित्रकार खिडकीशी गेली. ओहोटी होती. समोरच्या खाडीत नुसता चिखल.

मैत्रीण थांबली, तसे कपही थांबले.

“चहा संपला, काका. आता सांगा,” चित्रकार दबक्या आवाजात म्हणाली.

“सारसोळ्याच्या जेट्टीखाली पाण्यात माइक सोडला होता. त्यात हे आलं. कशाचं, ते ठाऊक नाही. आणि आत्ताचं तर मुळीच नाही.”

मी खूप विचार केला आहे. ‘यात ऐकण्यासारखं काही नाही’ असं त्यांनी आधी सांगितलं असतं, तर तिने हात टेकलेच नसते. आणि ती नसती, तर त्यांच्याकडे आलेखातली एक मुकी रेघ उरली असती.

आता तिला काहीच ऐकू येत नाही. आम्ही चौघं अजून जमतो, आणि ती टेबलावर तळवे टेकून गाते.