काय ठेवून जाताय?

"काय ठेवून जाताय?"

असं विचारून मावशी हात पुढे करायच्या. तळहात वर, बोटं जराशी आत वळलेली, तीर्थ घ्यावं तशी. पहिल्यांदाच शाळेत मूल घालायला आलेल्या माणसांना वाटायचं, ह्या बाई चहापाण्याला मागताहेत. एका वडिलांनी तर खरंच खिशातून नोट काढली होती. मावशींनी ती त्यांच्याच खिशात परत कोंबली आणि म्हणाल्या, "ते नगं पावणं. लागणारी वस्तू द्या."

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेत आमच्या गल्लीच्या टोकाला एक छोटी शाळा आहे, बालवाडी ते चौथी. मावशी तिथे शिपाई होत्या, आया होत्या, घंटा वाजवणाऱ्या होत्या, आणि जूनचे पहिले पंधरा दिवस मुख्याध्यापिकासुद्धा त्याच असायच्या, कारण त्या दिवसांत खऱ्या मुख्याध्यापिका ऑफिसचं दार लावून बसत. जूनमधल्या बालवाडीचा आवाज तुम्ही ऐकलाच असेल. आत तीस मुलं भोकाड पसरतात आणि बाहेर तीस आया गेटचे गज धरून डोळे पुसतात.

तुमच्याकडे अशा वेळी काय करतात मला माहीत नाही. बहुतेक ठिकाणी "ती बघ चिमणी" म्हणतात आणि मूल तिकडे बघेपर्यंत आई पसार होते. मावशींना याची भयंकर चीड होती. "चोरागत जायाचं न्हाय," त्या गेटवरच सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगायच्या. "तोंडावर सांगायचं, मी चाललो, बाराला येतो. आन् लागणारी वस्तू पोराच्या हातात द्यायची. त्येला कळतंय की, हिच्याबिगर आईचं अडतंय म्हणून. म्हंजे आई येणार." आमच्याकडच्या जुन्या बायका बोलतात तसं त्या स्वतःलाही 'मी आलो, मी गेलो' असंच म्हणत.

लागणारी म्हणजे खरोखर लागणारी. रुमाल, टिकल्यांचं पाकीट, बंद पडलेलं घड्याळ असलं काही चालत नसे. "ह्ये हरवलं तर तुमी हुडकाय येणार हायसा काय?" एवढंच विचारून त्या वस्तू परत करायच्या. धान्याचं दुकान असलेल्या एका जैन गृहस्थांनी मुलीजवळ चष्मा ठेवला होता आणि दुपारपर्यंत गिऱ्हाइकांकडून पोत्यांवरची नावं वाचून घेतली होती. एका आजोबांकडे काहीच सापडेना, तेव्हा त्यांनी बराच विचार करून तोंडातली कवळी काढली. ती रुमालात गुंडाळून नातवाच्या दप्तरात गेली आणि आजोबा बारा वाजेपर्यंत समोरच्या कट्ट्यावर तोंड मिटून बसले.

माझी सई तेव्हा साडेतीन वर्षांची होती. नवरा एमआयडीसीत पहिल्या पाळीला, घरात तिसरं माणूस नाही, आणि मी शाहूपुरीतल्या एका लॅबमध्ये रक्ताचे नमुने घेते. सकाळी उपाशीपोटी आलेली माणसं बाकावर बसून माझी वाट बघत असतात, आणि कोल्हापूरचा उपाशी माणूस कसा असतो हे मी सांगायला नको. सई महिनाभरात शाळेत टिकली नाही तर मी नोकरी सोडायची, असं आमच्या घरात ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे नवरा तसं म्हणाला होता आणि मी गप्प बसले होते. मला मात्र ती नोकरी हवी होती. फार हवी होती.

पहिल्या दिवशी मी केसांतला चाप काढून सईला दिला. मावशींनी चापाकडे बघितलं, मग माझ्या उजव्या हाताकडे. हातात स्कूटरची चावी होती.

"ती द्या की."

"मावशी, मला शाहूपुरीला जायचंय!"

"पाय हायत की."

मी गेले चालत. अर्धा तास लागला. बाकावरची माणसं माझ्याकडे कशी बघत होती ते सोडा. बाराला मी परत आले तर सई गेटच्या आत उभी होती आणि तिने मूठ उघडून मला चावी दिली. तळव्यावर चावीचे दाते उमटले होते. "प्रार्थनेपातूर रडली," मावशी म्हणाल्या, "मग डोळं सुकलं."

तीन-चार दिवसांत सई रडायची थांबली, पण चावी सोडेना. मी रोज जाऊन येऊन चार-पाच किलोमीटर चालत होते. मग मला एक युक्ती सुचली. स्वतःला शहाणी समजणाऱ्या बाईला जी सुचावी तीच. बिंदू चौकाजवळ चाव्या करून देणारा एक माणूस बसतो. त्याच्याकडून मी दुसरी चावी करून आणली. सकाळी खरी चावी सईच्या मुठीत द्यायची, तोंडावर "चालले" म्हणायचं, स्कूटर बंदच ठेवून कोपऱ्यापर्यंत ढकलायची आणि तिथून सुरू करायची. चार दिवस मी लॅबमध्ये वेळेवर पोचले आणि स्वतःवर खूश होते.

शाळेच्या बाजूला नळ आहे. डबा खायच्या आधी मुलांना तिथे हात धुवायला नेतात. तिथून रस्त्यापलीकडचं झाड दिसतं, ज्याच्याखाली मी स्कूटर लावायची. पाचव्या दिवशी सईने हात धुता धुता तिकडे बघितलं. चावी तिच्या खिशात होती आणि स्कूटर जागेवर नव्हती.

त्या दुपारी ती गेटवर नव्हती. वर्गाच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून बसली होती. चावी जमिनीवर पडलेली. रडत नव्हती, बोलतही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिने गणवेश अंगाला लावू दिला नाही. कडेवर घालून नेलं, चावी पुढे केली, तर तिने दोन्ही हात पाठीमागे लपवले. "खोटी आहे," ती म्हणाली. असं तीन दिवस चाललं. महिना संपायला आठवडा उरला होता आणि मी रात्री मनातल्या मनात लॅबच्या बाईंना नोकरी सोडते म्हणून सांगायची तयारी करत होते.

चौथ्या दिवशी मावशींनी मला गेटवर अडवलं. "फसीवलासा तिला."

"मावशी, मला रोज उशीर होत होता हो."

"हुईना का. माफी मागा."

"कुणाची?"

"कुणाची म्हंजे? जिला फसीवलं तिची."

आजूबाजूला दहा-बारा आया होत्या, कवळीवाले आजोबा होते. मला खरं सांगायचं तर मावशींचा संताप आला होता. पण मी रस्त्यावर सईसमोर उकिडवी बसले आणि म्हणाले, "मी दुसरी चावी केली होती. चुकले." आणि दोन्ही चाव्या तिच्यापुढे धरल्या. सईने एक चावी दुसरीवर ठेवून दाते जुळतात का ते बघितलं. मग विचारलं, "तिसरी?"

"नाही."

"बाबाकडे?"

"नाही गं."

मग तिने एक चावी एका खिशात घातली, दुसरी दुसऱ्या खिशात, आणि मागे न बघता आत गेली. मी उरलेला जून आणि सगळा जुलै छत्री घेऊन शाहूपुरीला चालत गेले. नोकरी राहिली. ऑगस्टमध्ये एका सकाळी सईने आपण होऊन चावी माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "घेऊन जा. तू येतेस."

तेव्हापासून मला मावशींबद्दल एक कुतूहल लागून राहिलं. ही बाई चौथीपर्यंत शिकलेली. बालवाडीच्या बाईंनी दोन वर्षांचा कोर्स केलेला, त्यांच्याकडेही चिमणीच्या पुढचा उपाय नव्हता. मग हिला हे कुठून सुचलं? मी विचारलं तर मावशी म्हणाल्या, "असंच." वर्षभराने पुन्हा विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "जोतिबाला जाताय नव्हं? दुकानात चपला ठेवल्या की दुकानदार नारळ, गुलाल सगळं आधी देतोय. पैसं मागत न्हाय. त्येला ठावं हाय, अनवाणी माणूस जाऊन जाऊन जाणार कुठं?" मला हे उत्तर फार आवडलं. लॅबमध्ये मी चार जणांना सांगितलं. पण मला ते सांगताना मावशी माझ्याकडे न बघता मुलांच्या विसरलेल्या डब्यांची झाकणं लावत बसल्या होत्या, ते माझ्या लक्षात राहिलं.

खरं उत्तर सई तिसरीत असताना मिळालं. मावशींचे गुडघे गेले होते, शाळा सोडायची तारीख ठरली होती. मी सईला घ्यायला जरा लवकर गेले होते आणि त्या पायरीवर बसल्या होत्या. मी काही विचारलंही नव्हतं.

"मालक वारलं, तवा माझी पोरगी तीन वर्साची हुती," त्या म्हणाल्या. "तिला सासूजवळ ठेवलं आन् मी हितं कामाला आलो. निघताना रडाय लागली, म्हणून म्हणलो, उद्या येतो. सा महिनं गेलो न्हाय. गेलतो तवा दारातच बसलीती. मला बघून आत पळाली. सासू म्हणली, कोण आलंय गं? तर म्हणती, कोण न्हाय, एक बाई आलीया."

मी त्यांच्या शेजारी पायरीवर बसले.

"आता तिच्याकडंच चाललोय ऱ्हायाला. नरसोबाच्या वाडीच्या अलीकडं गाव हाय तिचं. तिनंच बोलीवलंय," त्या म्हणाल्या आणि घंटा वाजवायला उठल्या.

शेवटच्या दिवशी शाळेने नारळ आणि साडी दिली. मुलगी न्यायला आली होती. चाळिशी उलटलेली, आईसारखीच मोठ्या आवाजाची. पिशवी उचलून ती सारखी घाई करत होती, "चल की आई, नरसोबाच्या वाडीची गाडी चुकंल." मुलांनी मावशींना गराडा घातला होता. त्यातून सई पुढे आली आणि तिने हात पुढे केला. तळहात वर, बोटं जराशी आत वळलेली.

"मावशी, काय ठेवून जातेस?"

मावशींचा हात कमरेच्या मिसरीच्या डबीकडे गेला. त्या डबीशिवाय त्यांचा दिवस सुरू होत नसे, हे सगळ्या शाळेला माहीत होतं. हात तिथे थोडा वेळ थांबला आणि रिकामाच परत आला.

"काय ठेवत न्हाय, बाळ."

"का?"

"ठेवलं तर यावं लागंल. मी येणार न्हाय."

मला त्या क्षणी मावशी दुष्ट वाटल्या. एक डबी देऊन टाकली असती तर काय बिघडलं असतं? सई मात्र रडली नाही. तिने गळ्यातलं शाळेचं आयकार्ड काढलं आणि मावशींच्या हातात ठेवलं.

"हे घे. मला लागतं हे. याच्याशिवाय गेटातून आत सोडत नाहीत."

"मग न्ह्यायला यावं लागंल की तुला."

"येणार."

मावशी सईच्या डोक्यावरून माझ्याकडे बघत होत्या. प्रश्न सईला नव्हता, मला होता. मी मान हलवली. त्यांची मुलगी गाडीचं विसरून आईच्या तोंडाकडे बघत उभी राहिली होती. मावशींनी आयकार्ड गळ्यात घातलं, पदर सारखा केला आणि लेकीचा हात धरून गुडघे सांभाळत रिक्षात बसल्या. रिक्षा वळेपर्यंत पदरावरच्या कार्डात सईचा बालवाडीतला गोल चेहरा दिसत होता.

शाळेने आठवड्यात नवीन कार्ड दिलं. सई ते घालत नाही. "डुप्लिकेट आहे," म्हणते. गेटवरच्या नव्या मावशी आता तिला तशीच आत सोडतात.

मी मात्र गेले नव्हते. वाडी काही लांब नाही, तासा-दीड तासाची वाट. पण आधी सहामाही परीक्षा होती, मग नवऱ्याच्या पाळ्या बदलल्या, मग घरात पाहुणे. सई चौथीत गेली. दर रविवारी ती विचारायची आणि मी "बघू" म्हणायची. बुधवारी संध्याकाळी मावशींच्या मुलीचा फोन आला. शाळेतून नंबर घेतला म्हणाली.

"ताई, तुमच्या पोरीचं कार्ड हाय न्हवं आईजवळ? रोज सकाळी गळ्यात घालून दारात खुर्ची टाकून बसतीया. जेवाय आत ये म्हटलं तर म्हणती, ते लेकरू येईल, दार उघडं पायजे. येणार हायसा न्हवं? न्हाय तर तसं सांगा. मी समजावतो तिला."

"बघते, जमलं तर," हे शब्द माझ्या तोंडापर्यंत आले होते. सई शेजारी उभी राहून ऐकत होती.

"रविवारी येतो आम्ही," मी म्हणाले आणि फोन ठेवला.

सईने माझ्यापुढे हात पसरला. मी पर्समधून स्कूटरची चावी काढून तिच्या तळहातावर ठेवली. तिने मूठ मिटली आणि मग माझ्याकडे बघत राहिली. मी कपाटातली दुसरीही आणून दिली.

आज शुक्रवार आहे. दोन दिवस मी शाहूपुरीला चालत जाते आहे.