भैरवीच्या आधी

नवरा रेल्वेत आणि दोघंही गाणंवेडे, म्हणून पासावर आम्ही नागपूर-कोलकाता पालथं घातलं. पुरीला तर समुद्राच्या वाळूत बसून गाणं ऐकलं. पण मैफलीच्या शेवटी भैरवी सुरू व्हायच्या आतच हे मला कोपरानं ढोसायचे, "चाल वो, गाडी सुटून राहिली." सकाळी यांची ड्यूटी. मेल्या त्या गाडीचा मला असा संताप यायचा, की रायपूर येईपर्यंत मी यांच्याशी बोलायची नाही.

पुढे हे गेले. मग रायपूर राजधानी झालं आणि मोठे गवई चौबे कॉलोनीतल्या आमच्या घराजवळ येऊन गाऊ लागले. पहिल्याच मैफलीला मी एकटी गेले. आता कुठलीच गाडी पकडायची नव्हती.

भैरवीचे सूर लागले आणि मी चपला शोधायला उठले.