पत्रकातला भिकारी

"त्यांना शर्ट काढायला सांग."

आमच्या संस्थेच्या मॅडम माझ्या कानाशी येऊन हळू बोलल्या. माझ्या गळ्यात संस्थेचा कॅमेरा होता. समोर चर्चच्या पायरीवर ब्लँकेट घ्यायला आलेला एक म्हातारा उभा होता. पांढरा शर्ट, इस्त्रीचा. गळ्याशी वरची गुंडीसुद्धा लावलेली.

"थंडी आहे मॅडम," मी म्हणाले.

"म्हणूनच. आत बनियन असेल ना, फाटकं? तेवढं दिसू दे. या शर्टात ते रिटायर्ड मास्तर दिसतायत. यांना कोण ब्लँकेट देईल?"

तो म्हातारा माझा बाप होता.

मॅडमना ते माहीत नव्हतं. मी सांगितलंही नाही. 'हे माझे वडील आहेत', एवढंच म्हणायचं होतं. चार शब्द. मी पुढं गेले आणि म्हणाले, "जरा शर्ट काढता का? फोटोपुरता."

घरातही मी आबांना तुम्हीच म्हणते. पण त्या दिवशीचं माझं 'काढता का' परक्याचं होतं. आबांना ते लगेच कळलं. त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मागं उभ्या मॅडमकडं पाहिलं आणि एकेक गुंडी काढली. शर्टाची घडी घातली. दंडावर काटा आलेला मला कॅमेऱ्यातून दिसत होता.

"कुठं बघू, बाई?" त्यांनी विचारलं.

माझ्या बापानं मला बाई म्हटलं. माझी लाज झाकायला.

रांगेत आमच्याच गावचे सात-आठजण होते. गावात चर्च नाही, म्हणून आमची माणसं जीप करून याच चर्चला येतात. सगळे मान खाली घालून रांगेत सरकले. चर्चचे पाळकसाहेब मला पाळण्यात असल्यापासून ओळखतात. माझा बाप्तिस्मा त्यांनीच केलाय. ते यादीत डोकं घालून बसले. चर्चवर पत्रे टाकून द्यायचं संस्थेनं कबूल केलं होतं. त्यांचं तोंड त्या पत्र्यांनी बंद केलं होतं. माझं कशानं केलं होतं, ते सांगते.

आमचं गाव लोहारा तालुक्यात. गावाच्या खालच्या अंगाला मांगवाडा, तिथं आमचं घर. आजोबांच्या काळात आमचं घर ख्रिस्ती झालं. देव बदलला, वाडा तोच राहिला. मी पाचवीपासून मिशनच्या बोर्डिंगात शिकले. तिथं प्रत्येक पोरीला परदेशात खर्च देणारे एक काका-काकू असायचे. बघितलेले नसायचे. वर्षातून दोनदा त्यांना पत्र लिहायचं. मजकूर फळ्यावर लिहिलेला असायचा. "माझे घर लहान आहे. आम्ही फार गरीब आहोत. तुमच्यामुळे मला जेवण मिळते." तो उतरवून काढायचा.

सातवीत असताना मी शेवटी एक ओळ माझ्या मनाची घातली. "मी खो-खोच्या टीममध्ये आहे आणि मला कोणी बाद करू शकत नाही." वॉर्डनबाईंनी ती ओळ खोडली. रागावल्या नाहीत. समजावून सांगितलं. "खो-खोचं लिहायचं नाही. त्यांना वाटेल पोरगी मजेत आहे."

तेव्हापासून मला हे अंगवळणी पडलं. मजेत असलेलं कळवायचं नसतं.

बी.ए. झाले, इंग्रजी चांगलं होतं. धाराशिवच्या ऑफिसात नोकरी लागली. संस्था चर्चेसना मदत करायची. ब्लँकेटं, शिलाई मशीन, मुलांच्या रविवारच्या शब्बाथ शाळेची पुस्तकं. माझं काम वार्तापत्राचं. फोटो काढायचे, गावोगावच्या पाळकांकडून प्रभूनं काय केलं याच्या साक्षी गोळा करायच्या, त्यांचं इंग्रजी करायचं. शिवाय एक पुस्तिका होती, चर्चनं दात्यांशी कसं बोलावं याची. ती मीच मराठीत आणली. एकच माणूस दाखवा, दहा दाखवू नका. चेहरा जवळून घ्या. हात रिकामे असू द्यात. हसू नको. मदतीआधीचा अंधार आधी सांगा, मग उजेड. बेंबळीला एका हॉलमध्ये वीस-पंचवीस पाळकांना बसवून मी ही पुस्तिका शिकवली आहे. फळ्यावर लिहून. त्यांनी वह्यांत उतरवून घेतलं. त्या दिवशी मला वॉर्डनबाई आठवल्या नाहीत. आठवायला हव्या होत्या.

मॅडम मूळच्या पुण्याच्या. त्यांचे पणजोबा संस्कृतचे पंडित होते, मग ख्रिस्ती झाले, हे त्या पहिल्या चहातच सांगायच्या. ख्रिस्तात जात नाही, हे प्रत्येक भाषणात सांगायच्या. मी रुजू झाले त्या आठवड्यात त्यांनी मला विचारलं होतं, "गावात कुठं राहता तुम्ही?"

या प्रश्नाचा अर्थ न कळणारा माणूस आमच्या वाड्यात जन्माला आलेला नाही.

"बसस्टँडजवळ," मी म्हणाले.

खोटं. आमच्या घरापासून स्टँड गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या एका खोट्यावर मी तिथं चार वर्षं उभी होते. म्हणून पायरीवर माझा बाप उघडा झाला तरी मला बोलता आलं नाही.

दोन महिन्यांनी पत्रक छापून आलं. रंगीत, गुळगुळीत कागद. पहिल्या पानभर आबा. फाटकं बनियन, खांद्यावर ब्लँकेट, डोळे कॅमेऱ्याकडं. मजकूर इंग्रजीत, मॅडमनी लिहिलेला. त्यांनी तो माझ्यापुढं धरला.

"बघ, काय फोटो काढलास. या डोळ्यांत किती लाचारी आहे."

लाचारी नव्हती ती. मला माहीत होतं काय होतं. त्या डोळ्यांना मी दिसत होते.

मजकूर मी वाचला. एकदाच. टेबलावर ठेवला. पार्सलं बांधायला घेतली. त्या दिवशीही काही बोलले नाही. हे मी लपवणार नाही. माणूस एका दिवसात जागा होतो असं सांगणाऱ्यांवर माझा विश्वास नाही. मी कितीतरी वेळा झोपेचं सोंग घेतलं.

मग पाहुणे आले. परदेशातलं एक म्हातारं जोडपं. संस्थेचे जुने दाते. रविवारच्या उपासनेला त्यांना त्याच चर्चमध्ये आणलं. हार, नारळ, पोरींचं गाणं. दुभाषी म्हणून मी प्रवचनाच्या पुलपिटाशेजारी उभी. आबा तिसऱ्या ओळीत, सतरंजीवर, बाकीच्या पुरुषांबरोबर. तोच पांढरा शर्ट. मॅडमनी त्यांना ओळखलं नाही. शर्टातला माणूस त्यांनी बघितलाच कुठं होता?

पाहुणे बोलले. आपण फार मोठं काही करत नाही, प्रभू करवून घेतो, असं. मी मराठीत सांगत गेले. मग त्यांनी पिशवीतून ते पत्रक काढलं. हे वाचून आम्ही दोघं रडलो, म्हणाले, ते मला तुम्हाला वाचून दाखवायचंय.

मंडळीतल्या कुणालाच ठाऊक नव्हतं त्यात काय लिहिलंय. पत्रकं इंग्रजी, ती आमच्या गावात यायचीच नाहीत.

पाळकसाहेब माझ्याजवळ सरकले. "पोरी, जरा सांभाळून कर," म्हणाले.

सांभाळून करणं मला येत होतं. तेच तर माझं काम होतं. पाहुण्यानं 'भिकारी' म्हटलं की मी 'गरजू' म्हणायचं. दोन्ही बाजू खूश.

पाहुण्यानं पहिलं वाक्य वाचलं. ते थांबले, माझी वाट बघू लागले. मी आबांकडं बघितलं. ते ऐकायला तयार बसले होते. लेक इंग्रजीतून मराठी करते, याचं त्यांना फार कौतुक. शेजारच्याला कोपरानं ढोसून सांगत होते.

मी ठरवलं नव्हतं. पण मी जसंच्या तसं सांगितलं.

"हा माणूस जन्मभर भीक मागून जगला."

कुणाला कळलं नाही कोणाबद्दल चाललंय. पुढचं वाक्य.

"त्याला कधी कुणी माणूस म्हणून हाक मारली नाही. त्याच्या अंगावर कधी धड कपडा नव्हता."

पुढचं.

"या थंडीत तुम्ही दिलेलं ब्लँकेट हा त्याच्या आयुष्यातला पहिला उबदार कपडा."

पुढच्या ओळीतल्या रूथमावशींनी विचारलं, "कोन गं ह्यो? कुठल्या गावचा?"

पाहुण्याच्या हातातलं पत्रक मी मागून घेतलं आणि फोटोची बाजू मंडळीकडं धरली.

सगळ्या माना तिसऱ्या ओळीकडं वळल्या. आबा पत्रकाकडं बघत होते. मग त्यांनी खाली बघितलं आणि सतरंजीचा एक दोरा ओढायला लागले.

रूथमावशी उठल्या. गुडघा धरून उठल्या, पण उठल्या. "भिकारी? ह्यो? आरं, ह्याच्या हातानं अख्खं गाव पानी प्यालं. म्या बघितलंय. पाटलाच्या दारात नळ ह्योच सोडत हुता."

मॅडम पाहुण्यांसाठी ठेवलेल्या बाकावरून इंग्रजीत म्हणाल्या की भाषांतरात काहीतरी गोंधळ झालाय.

"गोंधळ नाही," मी इंग्रजीतच म्हणाले. "भाषांतर बरोबर आहे. मजकूर खोटा आहे. हे माझे वडील आहेत. गावच्या पाणीपुरवठ्यावर होते, रिटायर होईपर्यंत. शर्ट आम्ही काढायला लावला. फोटो मी काढला." मग तेच मराठीत सांगितलं, सगळ्यांना. मराठीत सांगताना 'आम्ही' म्हणाले नाही. 'मी' म्हणाले. आणि मॅडमकडं बघून म्हणाले, "आमचं घर बसस्टँडजवळ नाही मॅडम. मांगवाड्यात आहे."

पाहुणीबाई रडायला लागल्या. त्यांना कुणी फसवलं होतं, कुणी नाही, हे मला माहीत नाही. त्या वाईट नव्हत्या. त्यांनी विचारलं, तुमच्या वडिलांना काही बोलायचंय का?

मी आबांना विचारलं.

आबा उभे राहिले. "म्हनावं, ब्लँकेट चांगलं हाय," ते म्हणाले. "पर म्या मागितलं न्हवतं. यादीत नाव आलं म्हनून आलो."

एवढं बोलून ते चपला घालून बाहेर गेले.

नोकरी गेली. ऑफिसात मॅडम म्हणाल्या, "शंभर चर्चेसचं काम तू एका मिनिटात बुडवलंस. एका फोटोसाठी?" मी म्हणाले, "एका माणसासाठी." त्या म्हणाल्या, "भावनिक होऊ नकोस." पत्रक बघून लोकांनी रडावं यासाठी पुस्तिका छापणारी बाई मला हे सांगत होती.

पत्रे आले नाहीत. पाळकसाहेब महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत. मग एकदा लोहाऱ्याच्या स्टँडवर भेटले आणि म्हणाले, "तुझं खरं होतं. पण खरं बोलून छप्पर होत नाही." गळतं तिथं आजही घमेलं ठेवतात. आमच्याच वाड्यातल्या दोन बायका मला बघून तोंड फिरवतात. त्यांना शिलाई मशीन मिळणार होती. त्यांचा राग मला कळतो. मी त्यांना समजवायला जात नाही.

आबांची मी माफी मागितली. ते चुलीपुढं बसले होते. त्यांनी चुलीत एक लाकूड पुढं सारलं.

"चर्चमधी बोललीस, बरं केलंस," मग म्हणाले. "पर पायरीवर बोलायचं हुतं. तवा मला थंडी वाजत हुती."

त्यांनी माफ केलं का, मी परत विचारलेलं नाही. विचारणारही नाही. तो हक्क माझा नाही.

आता मी लोहाऱ्यात एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते. आजूबाजूची छोटी चर्चेस मदतीचं पत्र लिहून घ्यायला माझ्याकडं येतात. मी लिहून देते. मागण्यात लाज नाही. भिंत पडली असेल तर भिंत पडली असं लिहावं, कुणी आजारी असेल तर आजारी. पण ज्याच्याबद्दल लिहायचं त्याला माझ्यासमोर आणून बसवा, म्हणते. लिहिलेलं त्याला त्याच्या भाषेत वाचून दाखवते. तो म्हणाला खोड, तर खोडते. फोटो नको म्हणाला तर नको. परवा बेंबळीकडचे एक पाळक आले. माझ्याच वर्गात बसले होते एकदा. वही घेऊन आले होते. माझीच वाक्यं मला दाखवून म्हणाले, "तुम्हीच शिकवलं होतं ना ताई, चेहरा जवळून?"

"व्हय," मी म्हणाले. "चुकीचं शिकवलं. ते पान फाडा."

ते बघतच राहिले. मी हात पुढं केला. त्यांनी पान फाडून दिलं.

त्या हॉलमध्ये वीस-पंचवीसजण होते. त्यातले सहा आजवर सापडले. बाकीच्यांची गावं मला माहीत आहेत. जीप जाते तिथं जीपनं, जात नाही तिथं पायी, प्रत्येकाच्या दारात जाणार आहे. ज्या तोंडानं शिकवलं त्याच तोंडानं सांगणार आहे की खोटं शिकवलं. कुणी दारातून हाकललं तर पुन्हा जाणार आहे. ते पान हातात पडेपर्यंत.