भादव्याच्या पाण्याची रेघ

बोलायच्या आधी बाबा, म्हणजे आमच्याकडे कामाला येणारे पाड्यावरचे म्हातारे, उजवा हात वर करायचे. ग्रामसभेत ठरावाला करतात तसा, पंजा पसरून. मग म्हणायचे, "सभेत वाचलंय, बाय." तुमच्याही ओळखीत असेल असा कुणी, एकच वाक्य सगळीकडे चालवणारा. एकदा मी त्यांना रविवारी कामावर बोलावलं, तर तेव्हाही हात वर! "रविवारचं कुठे वाचलं हो सभेत?" असं विचारलं, तर नुसते हसले.

जव्हारहून मोखाड्याकडे जाताना डोंगरउतारावर गोल्फचं एक लहानसं मैदान आहे. मी तिथे हिरवळीची देखरेख करते. हाती कृषी पदविका, आणि तोंड जरा फटकळ. बाबा रोजंदारीवर गवत कापायला यायचे. मैदानाच्या खालच्या अंगाला ओढा, आणि ओढ्याकाठी वाळू उकरून केलेला झिरा. बाबांचा अख्खा पाडा त्याच झिऱ्याचं पाणी पितो.

मैदानाला परवानगी मिळाली ती अटींवर, आणि त्या अटी ग्रामसभेत वाचून दाखवल्या होत्या. ओढ्यालगतचा तीस मीटरचा पट्टा रानासारखा ठेवायचा, तिथे खत नाही की औषध नाही. बाबांना अक्षर येत नव्हतं, पण अटी ओळीने पाठ. माझ्या कपाटात त्याच अटींची फाईल पडून होती. ती मी उघडलीच नव्हती, हे आधीच सांगून टाकते.

दुपारी भाकरी खायला बसलो की बाबा पितळेचा तांब्या पुढे करायचे. "झिऱ्याचं पाणी घे, बाय. गोड हाय."

मी दर वेळी माझी बाटली दाखवायची. "आहे माझ्याकडे, बाबा." त्यांनी कधी आग्रह केला नाही.

पावसाळ्यात आमचे हरवलेले चेंडू ओढ्यातून वाहत पाड्यावर पोचायचे. बाबा ते धुऊन, टॉवेलात बांधून परत आणायचे. "घे. कोंबडी तुमची, अंडी आमच्याकडं घालते." हे ऐकून आमच्या मॅनेजरसाहेबांनाही हसू यायचं, आणि ते सहसा हसत नाहीत.

त्या वर्षी मे महिन्यात मी पट्ट्याच्या लाल खुंट्या ठोकल्या. ओढ्यात तेव्हा घोटाभर पाणी. त्या पाण्याच्या कडेपासून टेप धरली, तीस मीटर मोजले, झालं काम! बाबा लांबून बघत होते. हात वर गेला.

"बाय, वढा आता निजलाय. भादव्यात पाय पसरतो तिथनं मोजायचं. सभेत वाचलंय."

"बाबा, मला शिकवू नका," मी म्हटलं. असं बोलायला नको होतं.

दुसऱ्या दिवशी फवारणी. सकाळी येऊन बघते तर माझ्या खुंट्यांच्या बरंच वर, उताराला आडवी, गवताच्या गाठींची रांग. आमच्याकडे गवताला अशी गाठ मारली की ते राखलेलं, दुसरा कुणी त्याला विळा लावत नाही. पाठीवर पंप घेतलेले चौघे गडी गाठींपाशी आले आणि थांबले ते थांबलेच. मॅनेजरसाहेब येऊन माझ्यावर ओरडले. मी बाबांवर ओरडले, "तुमच्या गाठींवर कायदा चालतो का?"

या वेळी बाबांनी हात वर केला नाही. हळू आवाजात म्हणाले, "तू आमचं पाणी पीत नाय. मी कदी काय बोललो? औषद कसलं हाय ते तुला ठावं, म्हणून पीत नाय. मंग पाड्यानं काय प्यायचं, बाय?"

खरं होतं ना ते! मी ऑफिसात गेले आणि फाईल काढली. पट्टा पुराच्या पाण्याच्या रेषेपासून मोजावा, असं त्यात स्वच्छ लिहिलं होतं. ते पान मी साहेबांच्या पुढ्यात ठेवलं. पट्ट्यात आलेला गोल्फचा सातवा खड्डा वर हलवावा लागला आणि साहेब महिनाभर माझ्याशी धड बोलले नाहीत.

आता त्या पट्ट्यात तेरडा फुलतो, सोनकी फुलते. माती वाहून जायची थांबली, पाणी कमी लागतं. चेंडू पट्ट्यात गेला तर सोडून द्यायचा, असा खेळाचाही नियम केला. खेळणारे आधी कुरकुरले, आता तिथेच उभे राहून फोटो काढतात. अटींनी मैदान बिघडलं नाही, सुधारलं, हे मी कुणालाही तोंडावर सांगते.

पण त्या दिवसानंतर बाबांनी तांब्या पुढे केला नाही. मी मागून घ्यायला हवा होता. लाज वाटायची. आज मागू, उद्या मागू म्हणता म्हणता गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले.

यंदा भादव्यात ओढा कधी नव्हे इतका वर चढला. पाणी उतरल्यावर जांभळीच्या फांद्यांत अडकलेला पालापाचोळा मी साहेबांना दाखवला. पुराची रेघ तिथवर गेली होती, म्हणजे खुंट्या आणखी वर न्याव्या लागणार होत्या.

"राहू दे," साहेब म्हणाले. "आता कोण बघतंय?"

माझा उजवा हात वर गेला. "साहेब, सभेत वाचलंय."

साहेबांनी माझ्या पसरलेल्या पंजाकडे पाहिलं. मग म्हणाले, "ठोका."

दिवाळीनंतर खुंट्या ठोकून झाल्या, तशी मी झिऱ्यावर उतरले. बाबांची म्हातारी वाटीवाटीने हंडा भरत होती.

"आजी, पाणी द्या मला."

तिने एकदा माझ्या खांद्यावरच्या बाटलीकडे पाहिलं. मग तोच तांब्या पदराने पुसला आणि भरून दिला. मी उभ्या उभ्या सगळा प्यायले.

"गोड हाय ना?" तिने विचारलं.

मी रिकामा तांब्या पुन्हा भरून घ्यायला पुढे केला.