मधली रिकामी ओळ

आमच्या कॉलेजातल्या सगळ्या माणसांची यादी सर्व्हरवर असते आणि ती सांभाळणं माझं काम. नवा माणूस आला की एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये त्याची नोंद लिहायची: नाव, विभाग, हुद्दा, फोन, एकेका ओळीत एकेक. मग एक ओळ रिकामी सोडायची आणि पुढच्या माणसाला घ्यायचं. दादा, माझा थोरला भाऊ, तिथंच ग्रंथालयात होता. चहाला आला की खांद्यावरून डोकावून म्हणायचा, "तू लिवलंस तर आमी हाय, न्हाय तर न्हाय."

तो ग्रंथालयातच, खुर्चीत बसल्या बसल्या गेला. गावी, अणदूरला, आमच्या शेतात माती दिली. आमच्यात बसवून पुरतात. मूठभर माती टाकताना माझ्या मनात आलं, रान ओलं आहे, गाडी रुतेल. लोक म्हणाले, धाकटा खंबीर आहे. खंबीर कसला, आत काही हलतच नव्हतं.

पुढं अनुकंपा तत्त्वावर वहिनींना त्याच्या जागी घेतलं. साहेबांनी सांगितलं, जुनं नाव काढा, नवं घाला. रुजू व्हायच्या दिवशी वहिनी माझ्याशेजारी येऊन बसल्या. मी फाईल उघडली. माणूस घालायला बऱ्याच ओळी लागतात, काढायला दोन पुरतात: कोण, आणि काढा. दादाच्या त्या दोन ओळी मी वीजबिल भरावं तशा लिहिल्या. खाली वहिनींची नोंद लिहिली.

"त्यांचं काढल्याबिगर माझं होत न्हाय का, भावजी?"

होतं, पण नियम तसा आहे, असं मी सांगितलं.

फाईल सर्व्हरला दिली, तर ती परत आली. नोंदीच्या शेवटी जादा ओळी आहेत, म्हणे. बघतो तर दादाच्या नोंदीला वहिनींची नोंद चिकटलेली. इतकी वर्षं हे काम करतोय, असं कधी झालं नव्हतं.

काय चुकलं, वहिनींनी विचारलं.

"तुमच्या दोघांच्या मधी एक ओळ सोडायची राहिली."

मी कर्सर तिथं नेला. एन्टर दाबायचं, एवढंच. बोट काही हलेना. वहिनींनी कुठलं बटण ते विचारलं आणि हात पुढं करून स्वतःच दाबलं. त्यांची नोंद एक ओळ खाली सरकली, आणि माती देताना न आलेलं रडू मला तिथं, ऑफिसात, सगळ्यांसमोर आलं.